माळ्यावर २७ नारिंगी बाइंडर, हातात एक महिना: जुन्या कॉम्प्युटरची मॅन्युअलं द्यायची कुठे?

माळ्यावरचा_मेंटेनन्स · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या गंगापूर रोडवरची आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचंय. तोवर मुक्काम पाथर्डी फाट्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आणि तिथे माळा नाही. इथे आहे, आणि त्यावर तीन पत्र्याच्या पेट्या भरून कॉम्प्युटरची मॅन्युअलं आहेत. सौ.चा सवाल साधा आहे: "इतक्या वर्षांत एकदा तरी खाली काढलीत का?" नाही काढली. खरं तेच सांगितलं.

मी १९७९ पासून १९९६ पर्यंत सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. आधी इलेक्ट्रिकलला. ८४ साली एका देशी कंपनीचं मशीन पगारपत्रक आणि स्टोअरच्या हिशेबासाठी आलं. साहेब म्हणाले, "तुझं सोल्डरिंग चांगलं आहे, तू बघ." एवढ्या पात्रतेवर माझी कॉम्प्युटर रूममध्ये बदली झाली. कारखान्यात एसी असलेली ती एकच खोली. चपला बाहेर काढून आत जायचं. मे महिन्यात वरिष्ठांना आमच्या कामात अचानक रस वाटायला लागायचा.

८७ साली डिझाइन खात्यासाठी मायक्रोव्हॅक्स-२ आलं, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं, म्हणजे ज्याला सगळे डेक म्हणायचे. मशीन कपाटाएवढं आणि मॅन्युअलं भिंतभर. त्यावर चालणाऱ्या व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या चौथ्या आवृत्तीचे नारिंगी बाइंडर लोखंडी रॅकवर लावले तेव्हा कँटीनचा पोऱ्या म्हणाला, "साहेब, पोथ्या लई आल्या." स्विच टाकला की स्क्रीनवर ७.. ६.. ५.. ४.. ३.. असे आकडे उतरायचे आणि शेवटी तीन बाण यायचे. कुठल्या आकड्यावर गाडी अडकली यावरून कुठलं कार्ड बिघडलं ते मॅन्युअलमधला तक्ता सांगायचा. त्या तक्त्याशेजारी आमच्या सीनियरांच्या अक्षरात निळ्या शाईने लिहिलंय: "पावसाळ्यात आधी एसी अर्धा तास. मग स्विच. तरी अडकलं तर मेमरी कार्डाची पट्टी खोडरबराने पुसणे. नवीन कार्ड मागवू नये." शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा आहेत. नवीन कार्ड यायला तेव्हा सहा महिने लागायचे.

९६ ला कारखाना बंद झाला. मशीन वजनावर गेलं. मॅन्युअलं कुणी वजनावरही घेईना, म्हणून मी गेटपास करून घेतला आणि स्कूटरवर रोज दोन-तीन बाइंडर घरी आणले. २८ होते. शेवटच्या दिवशीच्या पावसात... जाऊ द्या. २७ आहेत.

त्याशिवाय पेट्यांत टर्मिनल आणि प्रिंटरची पुस्तकं, एक टेप कार्ट्रिज, आणि गुंडाळी करून ठेवलेले अमोनिया प्रिंट, म्हणजे ड्रॉइंगच्या प्रती, आहेत. देशी मशीनची पाच-सहा पातळ, सायक्लोस्टाइल केलेली पुस्तकंही होती; ती किरकोळ म्हणून वेगळ्या गोणीत टाकलीत.

रद्दीवाला बाइंडरच्या कड्या काढून दिल्या तर किलोला १४ देतो म्हणाला, तशीच दिली तर १०. मन होत नाही. मोठा मुलगा म्हणतो स्कॅन करून टाका. अहो, नुसते नारिंगीच आठ-नऊ हजार पानांचे असतील. सुरुवात कुठून करू? आणि हे आज कुणाला हवंय का, हे आधी सांगा. नको असेल तर तसं स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

---

शॉर्टकट · रविवार, रात्री १०:०५

काका, रागावू नका, पण हे सगळं नेटवर आहे. व्हीएमएसचा अख्खा संच फुकट डाउनलोड होतो. १४ रुपये घ्या आणि मोकळे व्हा.

---

गोदाकाठ · रविवार, रात्री ११:३०

वरचा प्रतिसाद अर्धा बरोबर आहे, म्हणूनच धोक्याचा आहे.

काका, डेकची छापील मॅन्युअलं स्कॅन करायला बसू नका. बिटसेव्हर्स नावाचं एक संकेतस्थळ आहे. अल कोसो नावाच्या गृहस्थांनी वर्षानुवर्षं खपून जुन्या कॉम्प्युटरची मॅन्युअलं तिथे चढवली आहेत. ते कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये सॉफ्टवेअरचे क्युरेटर होते. आधी तिथे बघा. शोधताना नावाने नाही, नंबराने शोधा. डेकच्या पुस्तकांवर भाग क्रमांक असतो: हार्डवेअरचा 'ईके'ने सुरू होतो, सॉफ्टवेअरचा 'एए'ने. एका वहीत नंबर आणि छपाईचा महिना-साल उतरवा, आणि संकेतस्थळावर आहे की नाही याची फक्त खूण करा. एका रविवारचं काम. तुमच्या २७ पैकी बहुतेकांपुढे 'आहे' लागेल असा माझा अंदाज.

आता उरलेला अर्धा. तुम्ही ज्यांना किरकोळ म्हणालात ती पातळ सायक्लोस्टाइल पुस्तकं. काका, ती गोणी आत्ताच्या आत्ता घरात घ्या.

सरकारी कंपनी ईसीआयएलने टीडीसी-१२ हा देशी कॉम्प्युटर केला १९६९ मध्ये. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातून गाशा गुंडाळला, त्यांच्या मशीनांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत देशी कंपन्यांनी किती तऱ्हेची मशीनं काढली! त्यांची मॅन्युअलं शे-दोनशे प्रतींत निघायची, ग्राहकाच्या कपाटात राहायची आणि कपाटासकट भंगारात जायची. डेकचं एक पुस्तक हरवलं तर जगात अजून हजार प्रती असतील. तुमच्या गोणीतलं हरवलं तर हरवलं.

दुसरी गोष्ट, ती निळी शाई. बिटसेव्हर्सवर तो आकड्यांचा तक्ता मिळेल, पण खोडरबर मिळणार नाही. ज्या पानांवर हाताने लिहिलंय ती पानं, पुस्तक नेटवर असलं तरी, स्कॅन करा.

स्कॅन कसं, तर छापील मजकूर ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके), काळा-पांढरा, ग्रुप-४ टिफ फाइल. ही फॅक्सच्या जमान्यातली पद्धत आहे, पण दाबताना एकही ठिपका बदलत नाही. हस्ताक्षर, पेन्सिल, अमोनिया प्रिंट मात्र रंगीत. काळ्या-पांढऱ्यात पेन्सिल उडून जाते. अमोनिया प्रिंट उघडल्यावर उजेडात पसरून ठेवू नका, फिकट होतात. एक उलगडा, स्कॅन करा, परत गुंडाळा. कोरी पानंही घ्या, नाहीतर पुढच्या माणसाला वाटतं पान गहाळ आहे. स्टेपलच्या गंजलेल्या पिना चिमट्याने काढा, ओढून नाही.

आणि स्कॅनरमध्ये 'छोटी फाइल' असं काही बटण असेल तर हात लावू नका. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संशोधकाने दाखवून दिलं की झेरॉक्सची काही मशीनं स्कॅन करताना आकडेच बदलत होती. जेबिग-२ नावाची दाबण्याची पद्धत एकसारखे दिसणारे ठिपक्यांचे पुंजके एकच समजायची. कागदावर ६ आणि फाइलमध्ये ८. पुढे कंपनीने दुरुस्ती दिली. अक्षर पुसट आलं तर कळतं तरी. इथे आकडा स्वच्छ, सुबक आणि चुकीचा.

---

अंबड_शिफ्ट_बी · सोमवार, सकाळी ७:१५

सहा आणि आठ वाचून अंगावर काटा आला. माझं दुखणं ऐका.

अंबडला माझं छोटं जॉबवर्क आहे. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटर कंट्रोलवर चालणारी मशीनं: दोन नवीन, एक ऐंशीच्या दशकातलं सेकंडहँड. जुन्या कंट्रोलचे पॅरामीटर बॅटरीवर जिवंत असतात, आणि बॅटरी बदलायची ती मशीन चालू ठेवून. मॅन्युअलमध्ये चौकटीत लिहिलेलं असतं. आमच्या पोराने दिवाळीच्या सुटीत चांगल्या मनाने मेन बंद करून बॅटरी बदलली. करंट लागेल म्हणून. पाडव्याला स्विच टाकला तर सगळं पुसलेलं.

मॅन्युअल मिळालं, नेटवरच मिळालं. पण मॅन्युअल सांगतं की अमुक नंबरचा पॅरामीटर म्हणजे बॅकलॅश, स्क्रूतली ढिलाई. तुमच्या मशीनचा बॅकलॅश किती ते कसं सांगणार? तो आकडा प्रत्येक मशीनचा वेगळा. तो असतो कॅबिनेटच्या दाराला आतून लावलेल्या पिशवीतल्या कागदावर. आमचा तो कागद म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, आणि तिची शाई प्लास्टिकच्या पिशवीला चिकटून निघून आलेली. मी पिशवी उलटी करून उजेडाला धरून वाचली. सोळा ओळी लागल्या. एका ओळीत सहा की आठ ते कळेना. शेवटी डायल गेज लावून दीड दिवस मोजत बसलो. आठ होता.

तेव्हापासून दर वर्षी दसऱ्याला मशीनची पूजा झाली की दार उघडून मोबाइलने त्या कागदाचा फोटो काढतो. नैवेद्याआधी. बायको हसते.

काका, तुमच्या पेट्यांत मशीनचे प्रोग्रॅम असलेली कागदी टेप आहे का हो? आठ भोकांची, इंचभर रुंद? असली तर फेकू नका. आडव्या ओळीतली भोकं मोजा: दर ओळीत विषम असतील तर ईआयए कोड, सम असतील तर आयएसओ. आमच्याकडे खोकाभर आहे आणि वाचणारं मशीन नाही. दोन टेपा मी फोटो काढून, भोकं बघून, हाताने उतरवल्या आहेत. एका इंचात दहा अक्षरं. रात्रपाळीत दुसरं काय करणार.

---

माळ्यावरचा_मेंटेनन्स · सोमवार, सकाळी ९:५०

गोदाकाठ, तुमचं वाचून शिडी लावली. गोणी नाही. सौ.ने काल सकाळीच दिली रद्दीवाल्याला. दोष तिचा नाही. 'किरकोळ' अशी चिठ्ठी मीच लावली होती.

रद्दीवाल्याचा फोन लागत नाही. जाऊन बघतो.

अंबडवाले, कागदी टेप नाही. पण तुमची पिशवी उलटी करून वाचण्याची युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

---

खिळेजुळणी · सोमवार, दुपारी २:२०

काकांची गोणी मिळेपर्यंत जीव थाऱ्यावर नाही, म्हणून माझंही सांगून टाकते.

अशोक स्तंभाजवळ आमचा छापखाना होता. खिळे गेले, डीटीपी आलं, आणि मी ९३ सालापासून मराठी टाइप करायला बसले. तेव्हा युनिकोड पोचलं नव्हतं. प्रत्येक फॉन्टवाल्याचा कारभार वेगळा. एका फॉन्टमध्ये जो आकडा 'क' दाखवायचा तोच दुसऱ्यात अर्धा 'श'. पुस्तिकेच्या शेवटी अक्षरांचा तक्ता असायचा, तो टेबलाच्या काचेखाली. चहाचे डाग काचेवर पडायचे, तक्ता सुरक्षित.

परवा एक आजोबा आले. त्यांच्या दिवंगत पत्नीच्या कवितांचं पुस्तक आम्हीच छापलं होतं, आता दुसरी आवृत्ती काढायची आहे. छापील प्रत एकच उरली, तीही कसर लागलेली. फाइल माझ्याकडे होती, फ्लॉपीवरून वेळेत सीडीवर आणि तिथून पुढे नेलेली. उघडली तर ओळीच्या ओळी परदेशी टिंबवाली अक्षरं. फॉन्ट आता मिळत नाही, कंपनी नाही. पण काचेखालचा तक्ता होता!

तरी सरळ अदलाबदल करून भागत नाही. सरकारी मानक होतं इस्की, आयएस १३१९४, साल १९९१. त्यात अक्षर उच्चाराच्या क्रमाने साठवतात. 'कि' म्हणजे आधी क, १७९, मग पहिली वेलांटी, २१९. 'क्ष' म्हणजे क, हलन्त, ष: १७९, २३२, २१४. युनिकोडची देवनागरी याच वळणाची. फॉन्टवाल्यांच्या फाइलीत मात्र जसं दिसतं तसं: वेलांटी आधी, अक्षर मागून. खिळे जुळवताना आम्ही तसंच करायचो, म्हणून तेव्हा काही वावगं वाटलं नाही. रफारही अक्षराच्या नंतर बसवलेला. म्हणजे 'मूर्ती'मधला र जागेवरून उचलून 'त'च्या आधी आणायचा. भाच्याने प्रोग्रॅम लिहून दिला, तक्ता मी वाचून दाखवला. १८ कविता झाल्या आहेत. 'दृष्टी' अजून 'दृष्टि' येते, का ते सापडलं नाही.

सांगायचं इतकंच की आठ पानी पुस्तिका होती ती, पिन मारलेली. कुणी रद्दीतसुद्धा मोजली नसती. काका, तुमच्या पेट्यांत मराठी टर्मिनलचं काही असेल, देवनागरी दाखवणाऱ्या जिस्ट कार्डाचं वगैरे, तर मला आधी हाक मारा.

---

कलमबहाद्दर · सोमवार, सायंकाळी ६:४५

कॉपीराइटचं कुणी बोललंच नाही. डेक १९९८ मध्ये कॉम्पॅकने घेतली, कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीत गेली. लेक दोन घरं फिरली तरी हक्क संपत नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यात मुदत साठ वर्षांची आहे, म्हणजे ८७ ची पुस्तकं अजून मोकळी नाहीत. स्वतःपुरती स्कॅन करून ठेवण्यावर कुणी तुमच्या दारात येणार नाही, पण जगजाहीर वाटणं वेगळं. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक सोय झाली: विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे कागदी प्रत असेल तर जतनासाठी ते तिची डिजिटल प्रत ठेवू शकतं. तेव्हा कागद ग्रंथालयाला देऊन मग स्कॅन, हा रस्ता सरळ. आपलं सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिक, १८४० पासून आहे. जाऊन विचारायला काय हरकत आहे?

---

गोदाकाठ · सोमवार, रात्री ८:१०

बरोबर. फक्त हाताने लिहिलेल्या टिपा आणि लॉगबुक कंपनीच्या नाहीत. देशी कंपन्यांपैकी कितीतरी बंद पडल्या. परवानगी मागायची तर पत्र कुणाच्या नावाने टाकणार? म्हणून मी कागद सोडत नाही. स्कॅन आहे म्हणून मूळ प्रत रद्दीत, असं कधी करू नका.

आणि सगळं एकट्याने वाचवायचा हट्टही नको. २०१५ मध्ये अमेरिकेत मेरीलँडमधल्या फिंक्सबर्गला मॅन्युअल विकणारं एक जुनं दुकान बंद होत होतं. इंटरनेट आर्काइव्हचे जेसन स्कॉट आणि स्वयंसेवक गेले आणि खोक्यांवर खोकी भरून आणली, पण नियम एक: एका नावाची एकच प्रत. बाकीच्यांकडे बघायचं नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सराफ बाजारात पाणी शिरलं तेव्हा मी उलटं केलं. हाताला लागेल ते उचललं. वर आणलं तेव्हा माझ्याकडे एकाच पुस्तकाच्या तीन प्रती होत्या, आणि लॉगबुकं खाली पाण्यात.

---

माळ्यावरचा_मेंटेनन्स · पुढच्या आठवड्यातला गुरुवार, रात्री १०:३०

उशीर झाला, माफी असावी.

रद्दीवाल्याचा माल द्वारकेपलीकडच्या एका गोदामात जातो. मंगळवारी गेलो. तिथल्या माणसाला "सायक्लोस्टाइलची पुस्तकं" म्हटलं तर त्याला कळेना. मग "मातकट पानं, जांभळट अक्षर, वास येतो" म्हटल्यावर तो थेट एका ढिगाकडे घेऊन गेला. सहापैकी चार मिळाली. एकाचं कव्हर फाडलेलं, बहुधा तराजूखाली पाचर म्हणून. शोधलं, नाही सापडलं. त्याने पैसे घेतले नाहीत. चहा मात्र माझ्याकडून घेतला.

चारपैकी एक ८४ च्या मशीनचं ऑपरेटर मॅन्युअल. त्यात मधल्या पानावर माझंच अक्षर निघालं: "पगाराच्या दिवशी प्रिंटरची रिबन नवी घालू नये, कागदाला शाई लागते, कामगार तक्रार करतात." हे मी कधी लिहिलं काही आठवत नाही. तक्रारी आठवतात.

मुलाच्या ऑफिसमधला स्कॅनर शनिवारी दोन तास मिळाला. चारही पुस्तकं झाली, ४०० डीपीआय, लिहिलेली पानं रंगीत. नारिंगीपैकी १९ नंबर तपासले, १९ ही आहेत तिकडे. शॉर्टकट, तुमचं अर्धं बरोबर. आकड्यांच्या तक्त्याचं पान वेगळं स्कॅन करून सीनियरांच्या मुलीला पाठवलं. तिचं उत्तर आलं: "बाबा घरीसुद्धा रिमोटच्या सेलला खोडरबर लावायचे."

खिळेजुळणी ताई, तिसऱ्या पेटीत जिस्टचं एक पुस्तक आहे, कीबोर्डच्या चित्रासकट. तुमच्यासाठी बाजूला काढलंय.

ऑपरेटर मॅन्युअलमध्ये पान ३७-३८ नाही. ८४-८५ च्या सुमारास सातपूर-अंबडला ज्यांच्याकडे देशी मशीनं होती, त्यांनी कृपया आपापले माळे बघा. मशीनचं नाव आणि कव्हर नसलेल्या पुस्तकाचं पहिलं पान इथे चिकटवतो आहे.

नारिंगी बाइंडर ज्यांना कागद म्हणून हवेत त्यांनी २५ तारखेच्या आत यावं. लिफ्ट बंद केली आहे, जिना अरुंद आहे, दोघे जण या. २८ वा कुठे आहे ते विचारू नका.